चढावर मुकी होणारी गाडी

मित्रांनो, अम्मानजवळच्या डोंगराळ सल्त गावात कधी आलात आणि पिवळ्या दगडांच्या घरांमधून वर चढत जाणाऱ्या एखाद्या अरुंद गल्लीत, नाक आभाळाकडे करून उभी असलेली एक जुनी मोटार तुम्हाला दिसली, तर ती मी आहे असं खुशाल समजा. माझा मूळचा रंग ऑलिव्हच्या पानासारखा होता. आता तो कोणता आहे, हे मला सांगता यायचं नाही. उन्हाने जेवढा ठेवला तेवढा आहे.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला थोडंच आठवतं. लोखंड कापण्याचा आवाज, ताज्या रंगाचा वास आणि निळ्या कपड्यांतली माणसं, जी एकमेकांशी फारसं बोलत नसत. मग जहाज आलं, अकबाचं बंदर आलं, आणि पहिल्यांदा मला कळलं की ऊन काय असतं. माझे पहिले मालक अम्मानचे एक डॉक्टर होते. ते मला रोज पुसून घेत. माझे गिअर आपोआप बदलतात, याचं त्या काळी लोकांना भारी कौतुक. डॉक्टरांचे पाहुणे आत बसून उगाच मला फेरी मारायला लावत. माझ्यातल्या या सोयीला एक वाईट बाजूही आहे, ती तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. मी एकदा अडून बसले, की चार माणसांनी धक्का मारूनही मी सुरू होत नाही.

डॉक्टर म्हातारे झाले आणि मला सल्तच्या मिस्बाहने घेतलं. मिस्बाहचं बाजारात दुकान होतं. तो कॉफी भाजायचा, बदाम भाजायचा, कलिंगडाच्या बिया खारवून भाजायचा. माझ्या मागच्या भागात वेलदोड्याची आणि कॉफीची पोती येऊ लागली आणि तो वास माझ्या गाद्यांत असा मुरला की आजही गेलेला नाही. मिस्बाहला मूल एकच, मुलगी रुदैना. एरवी आमच्याकडे बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. पण मिस्बाहला मुलगा नव्हता, आणि त्याला सगळे अबू रुदैना म्हणत, म्हणजे रुदैनाचा बाप. त्याला ते आवडायचं. कुणी हसलं तर तो म्हणायचा, "नाव जड आहे बाबांनो, तुम्हाला पेलायचं नाही."

मला त्याने हज्जा हे नाव ठेवलं. यात्रा करून आलेल्या म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे असं म्हणतात. सकाळी बॉनेटवर थाप मारून तो म्हणायचा, "चल हज्जा, उठ." आणि मी उठायचे. कितीतरी वर्षं मी त्याला एकदाही नाही म्हटलं नाही. लग्नांत मला फुलं लावली गेली, ईदला लहान पोरं माझ्या टपावर चढली. रुदैना माझ्या मागच्या गादीवर वाढली. तिला रस्त्यातले रंगीत खडे गोळा करायचा नाद होता. लाल, पांढरे, शेवाळी. ती ते गादीवर मांडून पक्षी करायची, मासा करायची. गाडी वळली की मासा मोडायचा, आणि ती न रडता पुन्हा मांडायला बसायची.

आता माझ्या दुखण्याकडे येते.

माझं इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं आहे. त्यातला मागचा ठोकळा वयाने कुजला. इंजिनाला माझ्या अंगाशी जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी आहे. तिला मिस्त्री लोक अर्थिंगची वायर म्हणतात. बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत जाते, ती त्या वाटेने. ती पट्टी खाली, तेलाच्या काजळीत दडलेली असते, तिच्याकडे कोण बघणार? तिचे तंतू एकेक करून तुटत गेले. सपाट जागेवर उरलेले तंतू एकमेकांना टेकून असायचे आणि मी सुरू व्हायचे. चढावर नाक वर करून उभं केलं, की इंजिन बोटभर मागे सरकायचं, पट्टी ताणली जायची आणि वाट तुटायची. किल्ली फिरवली की नुसतं टक्. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि इंजिन मुकं. तेही दर वेळी नाही. कधी तंतू टेकायचे, कधी नाही. मला कुठे दुखतंय ते मला ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

सुरुवातीला मिस्बाहने हसण्यावारी नेलं. हँडब्रेक सोडून तो मला खालच्या सपाट वळणापर्यंत मागे घरंगळू द्यायचा, जरा थांबायचा, किल्ली फिरवायचा आणि मी सुरू व्हायचे. "म्हातारीला उतार मानवतो," तो म्हणायचा. पण वाट मोकळी असेल तरच घरंगळता येतं.

त्या वर्षी रुदैनाने शाळा संपवली होती. मादबा गावात रंगीत दगडांचे बारीक तुकडे जुळवून चित्रं करायला शिकवणारी एक संस्था आहे. तिथे प्रवेशासाठी वर्षातून एकदाच हाताच्या कामाची परीक्षा होते, आणि नऊ वाजता दार बंद होतं. रुदैनाला तिथे जायचं होतं. मिस्बाहला ते मनापासून नको होतं. मुलीने आठवडाभर परगावी राहायचं, हातोडीने दगड फोडायचे, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. त्याहून जास्त ते त्याच्या थोरल्या भावाच्या गळी उतरत नव्हतं. भावाचं नाव अबू नवाफ. तो त्याच गल्लीत राहायचा आणि मिस्बाहच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असायचं.

"दगड फोडायला तुरुंगात पाठवतात," अबू नवाफ म्हणाला होता. "तू पोरीला फी भरून पाठवणार?"

मिस्बाह तेव्हा नुसता हसला. पण रुदैनाची आई फहमिया मागे लागली, रुदैनाने जेवण टाकलं, आणि शेवटी तो म्हणाला, "बरं, परीक्षेला नेतो. पुढचं पुढे."

परीक्षेच्या सकाळी रुदैना हातोडी आणि चिमटा एका कापडात गुंडाळून माझ्यात येऊन बसली. मिस्बाहने किल्ली फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

मागे पाण्याचा टँकर लागला होता. वरच्या घराच्या टाकीत पाणी चढत होतं आणि गल्ली पुरती अडली होती. मला घरंगळायला जागा नव्हती. मिस्बाहने बॉनेट उघडलं, बॅटरीची टोकं घासली, सेल्फ-स्टार्टरवर पान्याने ठोकलं. त्याच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आहे. तो खरा होता. रुदैना उतरली आणि चौकाकडे धावली. टॅक्सी मिळायला वेळ गेला. ती गेली तेव्हाच मिस्बाहला कळलं होतं की ती वेळेत पोचणार नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर तो माझ्यात येऊन बसला. दार लावून घेतलं. आणि एक लांब श्वास सोडला. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं वाहिली आहेत आणि माणसांचे श्वास मला कळतात. तो सुटकेचा होता. त्याने काही केलं नव्हतं. पण जे झालं, त्याने तो हलका झाला होता.

दुपारच्या आत रुदैना परत आली. दार बंद झालं होतं, पहारेकऱ्याने आत सोडलं नव्हतं. ती गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरली. टँकर तोवर गेला होता, आणि त्याच वेळी अबू नवाफने मला वाटेतून बाजूला घेण्यासाठी खाली घरंगळवलं होतं. सपाट वळणावर त्याने सहज किल्ली फिरवली. मी सुरू झाले. एका फटक्यात, एखाद्या तरण्या गाडीसारखी.

मिस्बाह मागोमाग चालत खाली आला होता. अबू नवाफ खिडकीतून डोकं काढून मोठ्याने हसला. "अरे मिस्बाह! हिला काय झालंय? लोण्यासारखी सुरू झाली!" मग त्याने डोळा मारला आणि आवाज थोडा खाली आणला, पण पुरेसा नाही. "चांगलं केलंस. सापही मेला आणि घरात भांडणही नाही. मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी अक्कल असेल."

मिस्बाहने तेव्हाच म्हणायला हवं होतं की मी काही केलं नाही. तो म्हणाला नाही. थोरला भाऊ त्याचं असं कौतुक कधी करत नसे. त्या कौतुकात तो दोन क्षण उभा राहिला, ओशाळं हसला, आणि तेवढ्यात त्याची नजर रुदैनाकडे गेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"रुदैना, अगं, खरंच सुरू होत नव्हती. तू स्वतः होतीस ना आत?"

"होते," ती म्हणाली. "किल्ली तुमच्या हातात होती."

ती वर निघून गेली. त्या दिवसानंतर तिने त्याला बाबा म्हणणं सोडलं. जेवायला वाढायची, विचारलं तर हो-नाही करायची. पण हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहायची, तोंडाने नाव घ्यायची नाही.

मिस्बाह माझ्या मागे लागला. त्याला माझं दुखणं सिद्ध करायचं होतं. सल्तच्या खालच्या अंगाला, सपाटीवर, उस्ताद गारोचं गॅरेज होतं. गारो आर्मेनियन, जाडजूड, बोलका. मिस्बाह मला तिथे घेऊन जायचा आणि मी तिथे हमखास सुरू व्हायचे. गारो किल्ली फिरवायचा, मी गुरगुरायचे. बंद करून पुन्हा फिरवायचा, मी पुन्हा गुरगुरायचे.

"हज्जा ठणठणीत आहे, अबू रुदैना," गारो म्हणायचा. "तुझंच डोकं तपासून घे."

"आणि घरी बंद पडते त्याचं काय?"

"बघितल्याशिवाय मी काय सांगू? ताप उतरल्यावर रोगी आणतोस आणि म्हणतोस, नाडी बघ!"

तरी त्याने माझी बॅटरी बदलली. मग सेल्फ बदलला. मग किल्लीचं कुलूपच बदललं. प्रत्येक वेळी काही दिवस बरे जायचे आणि मिस्बाह घरी येऊन मोठ्याने सांगायचा, "बॅटरीच होती बरं का! बॅटरी!" आतून उत्तर यायचं नाही. आणि मग एका सकाळी पुन्हा टक्. बाजारात लोक थट्टा करू लागले. मुलीला शिकायला पाठवायचं नाही म्हणून गाडी बंद पाडणारा बाप. कुणी कौतुकाने म्हणायचं, कुणी तिरकसपणे. मिस्बाहला दोन्ही टोचायचं. मी त्याचा खरेपणा जाणत होते आणि त्याला खोटं पाडणारीही मीच होते. मला त्याचं काही वाटलं का, असं विचाराल तर एवढंच सांगते, गाडीला वाटून उपयोग नसतो.

हिवाळा गेला. डोंगरावर बदामाला फुलं आली. रुदैनाने मधल्या काळात गाडी चालवायचा परवाना काढला होता. एका सकाळी फहमियाला बहिणीकडे जायचं होतं. बहिणीच्या घरी नातू झाला होता. मिस्बाह दुकानात भट्टीपाशी होता. फहमियाने खजूर भरलेल्या, मामूल नावाच्या बिस्किटांची परात मांडीवर घेतली, रुदैना स्टिअरिंगशी बसली आणि तिने किल्ली फिरवली.

टक्.

तिने हात मागे घेतला, किल्लीकडे पाहिलं. पुन्हा फिरवली. टक्. दिवे लावून पाहिले, लख्ख लागले. पुन्हा टक्. गल्ली रिकामी होती, मागे टँकर नव्हता, कुणी बॉनेटला हात लावला नव्हता. ती तशीच बसून राहिली.

फहमिया समोर बघत म्हणाली, "का गं? मी माझ्या बहिणीकडे जायला नको म्हणून गाडी बंद पाडलीस होय?"

"आई!"

"मी काय खोटं बोलतेय? किल्ली तुझ्या हातात आहे."

रुदैनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फहमियाने परातीवरचं फडकं सारखं केलं. तिला जे म्हणायचं होतं ते कित्येक महिने ती साठवून बसली होती.

थोड्या वेळाने रुदैनाने फोन काढला. "बाबा," ती म्हणाली.

पलीकडून भट्टीचा आवाज तेवढा येत होता.

"बाबा, ऐकताय ना? गाडी सुरू होत नाहीये. नाही, मी हलवली नाही. हलवायची नाहीच. तुम्ही दर वेळी खाली घरंगळवता आणि ती बरी होते, मग दिसणार काय? उस्ताद गारोंना इथे घेऊन या. इथे, चढावर. बंद आहे तोवर."

मिस्बाह अंगाला कॉफीचा धूर घेऊनच आला. गारो मागून धापा टाकत चढला, खांद्यावर तारांचं भेंडोळं. "माझ्या आयुष्यात मी रोग्याच्या घरी गेलेलो नाही," तो म्हणाला. "फहमियाबाई, त्या परातीतलं काही मला मिळणार असेल तरच हात लावतो." तिने दोन मामूल त्याच्या हातावर ठेवले.

खाऊन झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि रुदैनाला किल्ली फिरवायला सांगितलं. टक्. तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "दिवे मंद होत नाहीत. म्हणजे वीज आहे. जातेय कुठपर्यंत, ते बघू." त्याने एका जाड तारेचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं आणि दुसरं थेट माझ्या इंजिनाच्या लोखंडाला चिमटवलं. "मार किल्ली."

मी सुरू झाले. चढावर, नाक वर करून, जागची न हलता.

त्याने तार काढली, मला बंद करायला लावलं. किल्ली, टक्. तार लावली. किल्ली, सुरू. त्याने असं पुन्हा पुन्हा केलं. मग गारो माझ्याखाली सरपटत गेला आणि काही वेळाने हातात एक काळी, पिंजारलेली पट्टी घेऊन बाहेर आला. जुन्या झाडूसारखी दिसत होती.

"हा घे तुझा चोर," तो मिस्बाहला म्हणाला. "बॅटरी चांगली होती, सेल्फ चांगला होता. मी उगाच तुझे भाग बदलत बसलो. सपाटीवर ही मला दिसली नसती आणि चढावर मी कधी आलो नाही."

त्याने नवी पट्टी बसवली, जागा घासून चकचकीत केली, कुजलेलं रबरही बदललं. तो गेल्यावर फहमिया परात पुन्हा भरायला आत गेली. बाप आणि मुलगी माझ्या बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"चुकलं माझं," रुदैना म्हणाली.

मिस्बाह चिंधीने हात पुसत राहिला.

"पण काकांना तेव्हा का नाही सांगितलंत? ते म्हणाले, चांगलं केलंस. तुम्ही हसलात."

"हो."

"का?"

त्याने चिंधी बॉनेटवर ठेवली. "कारण गाडी बंद पडली ते मला बरं वाटलं होतं, बाळा. पाडली नव्हती. पण बरं वाटलं होतं."

रुदैनाने ती चिंधी उचलून तिची नीट घडी केली. मग म्हणाली, "परीक्षा उन्हाळ्यात पुन्हा आहे."

"माहीत आहे मला," मिस्बाह म्हणाला.

उन्हाळा आला. परीक्षेच्या सकाळी ती पुन्हा माझ्यात येऊन बसली. मिस्बाहने किल्ली फिरवली आणि मी लगेच सुरू झाले. तो निघाला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. मागे टँकर नव्हता. दिवे, हॉर्न, इंजिन, सगळं जागच्या जागी होतं. थांबायला आता माझं कारण सांगता येणार नव्हतं. मला वाटतं, माझ्यात बसून इतका एकटा तो कधीच पडला नसेल. रुदैनाने त्याला घाई केली नाही. कापडात गुंडाळलेली हातोडी मांडीवर धरून ती वाट बघत राहिली.

मग त्याने गिअर टाकला.

वळणावर अबू नवाफ उभा होता. त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. "आज सुरू झाली वाटतं!" तो म्हणाला. "कुणीकडे?"

मिस्बाहने काच पूर्ण खाली केली. "मादबाला. रुदैनाची परीक्षा आहे."

"अजून ते खूळ गेलं नाही?"

"नाही गेलं. आणि दादा, त्या दिवशी गाडी मी बंद पाडली नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं. बाजारातही सांग सगळ्यांना. तुझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसतो."

अबू नवाफ काही म्हणायच्या आत त्याने काच वर केली. आम्ही उताराला लागलो. मागच्या आरशात मला अबू नवाफ दिसत होता, हात अजून अर्धा वर. रुदैना खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मिस्बाहला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

नऊच्या आधी पोचलो. तिला प्रवेश मिळाला. आता शुक्रवारच्या सुट्टीसाठी ती दर गुरुवारी माझ्यात बसून घरी येते, बोटांवर चिकटपट्ट्या लावून, आणि बापाला दगड कसा तोडायचा ते शिकवू पाहते. त्याला ते काही जमत नाही.

मी मात्र थकले आहे. कधीतरी मिस्बाह मला गारोकडे सोपवेल आणि तो मला खरेदीदाराला दाखवेल, किंवा भंगारात देईल. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही, प्रत्येक गाडीचं हेच होतं. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं मागून ठेवते, मित्रांनो. तुमच्या दारातल्या जुन्या गाडीने हट्ट केला, तर लगेच तिचे भाग बदलू नका आणि तिला शिव्याही देऊ नका. ती जिथे अडते तिथेच तिला उभी राहू द्या आणि वाकून खाली बघा. काजळीत हात घालायला लागेल, तो घाला. आणि घरातलं कुणी म्हणालं की गाडी सुरूच झाली नाही, तर एकदा स्वतः किल्ली हातात घेऊन बघा.

मिस्बाह येतोय. हातात किल्ली आहे, अंगाला वेलदोड्याचा वास आहे. आज गुरुवार, म्हणजे आम्हाला मादबाला जायचं आहे.